उतरणारे, चढणारे आणि बायडाबाई

केजहून धारूरकडे निघालं की डाव्या हाताला एक मोकळं मैदान लागतं. तिथं लिंबाखाली एक पांढरी बस उभी असते. तिचा पांढरा रंग जिथं खरवडलाय तिथं पिवळा दिसतो, आणि पिवळा खरवडला तर निळा. ती बस म्हणजे मी. मित्रांनो, माझं वय काढायचं असेल तर हे तीन रंग मोजा. मला विचारू नका, थकलेल्याला वय विचारलं की तो वाढवूनच सांगतो.

माझा जन्म एका जागी झाला नाही. सांगाडा एका कारखान्यात बनला आणि त्यावर अंग चढवायला मला दुसऱ्या मुलखात नेलं. त्या वाटेवर मला छप्पर नव्हतं, काच नव्हती, आसन नव्हतं. चालवणारा एका लाकडी फळीवर बसला होता, तोंडाला उपरणं गुंडाळून आणि डोळ्याला काळा चष्मा लावून. त्या उघड्या अंगानं मी पहिल्यांदा रस्ता बघितला. पुढं पत्रा चढला, खिडक्या आल्या, गाद्या आल्या, पण तेव्हा लागलं तसं वारं पुन्हा कधी लागलं नाही.

निळी होते तेव्हा मी बीड-पुणे रात्रीची गाडी होते. लोक फोन करून विचारायचे, निळीच आहे ना? दसऱ्याला माझ्या तोंडावर झेंडूचा हार इतका मोठा असायचा की समोरचं अर्धं दिसायचं नाही. आठ वर्षं ते कौतुक चाललं. मग माझ्याहून उंच, थंडगार गाड्या आल्या आणि मला पिवळा रंग लागला. पिवळी म्हणजे शाळेची. चार वर्षं पोरांनी माझ्या गाद्यांखाली खाऊन झालेलं च्युइंगम चिकटवलं. त्यातलं काही अजून तिथंच आहे आणि माझ्या काही बोल्टांपेक्षा घट्ट आहे. पिवळेपणही संपलं. दोन पावसाळे मी एका गॅरेजच्या मागं उभी होते. कोंबड्या माझ्या पायऱ्यांवर अंडी घालायच्या. तिथून मला त्रिंबकशेठनं उचललं, पांढरा रंग दिला आणि यात्रेला लावलं.

यात्रेच्या गाडीला एक खोड लागते, हिशेबाची. पैशाचा हिशेब त्रिंबकशेठ ठेवतात. माझा हिशेब माणसांचा. कोण दोन पिशव्या घेऊन चढलं आणि पाच घेऊन उतरलं. कोण निघताना सगळ्यांना लाडू वाटत होतं आणि तिसऱ्या दिवसापासून डबा मांडीखाली लपवायला लागलं. कोण रोज पहाटे सगळ्यांच्या आधी येऊन बसतं आणि कोणासाठी रोज चाळीस माणसं थांबतात. चौदा वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नाही. काशीला गेलं की आवडीचं एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडायची असते. आमच्या गेल्या काशीच्या यात्रेत चाळीसपैकी सतरा जणांनी कारलं सोडलं, नऊ जणांनी दोडका सोडला. एका गृहस्थांनी सुरण सोडला. त्यांना सुरण कुणी कधी वाढला होता, देव जाणे. देवालाही बहुतेक सगळं कळत असावं, तो बिचारा बोलत नाही.

खरं आवडीचं सोडणारी एकच निघाली. तीन नंबरच्या आसनावरची बायडाबाई. तिनं सीताफळ सोडलं.

बायडाबाई धनगराची. वय सत्तरीला टेकलेलं, अंगानं वाळलेल्या बाभळीसारखी. तिचा सगळा जन्म मेंढरांमागं गेला. पावसाळा सरला की बालाघाटाच्या डोंगरातून कळप घेऊन निघायचं, ते पार गेवराईच्या पुढं गोदाकाठापर्यंत. चालता चालता डोंगरातलं सीताफळ फोडायचं, तेच दुपारचं जेवण. तिचे मालक, म्हणजे नवरा, दर वर्षी म्हणायचे, मेंढरं सुटली की काशी-रामेश्वर करू. मेंढरं सुटायच्या आधी मालकच सुटले. मग बायडाबाईनं कळप पुतण्याच्या हवाली केला आणि आमच्या दोन्ही यात्रांना नाव घातलं. काशी उतरली की त्याच संध्याकाळी रामेश्वर. गंगेचं पाणी न्यायचं आणि रामेश्वराला घालायचं. तिच्या मनानं घेतलं होतं की मधे घरचा उंबरा ओलांडला तर यात्रा मोडते. त्यामुळं काशीहून आल्यावर घरी न जाता गाडीजवळच थांबायचं, हे तिनं आधीच सांगून ठेवलं होतं.

बाकीच्यांनी गंगेचे झाळून बंद केलेले तांब्याचे गडू विकत घेतले. बायडाबाईचा त्यावर विश्वास बसला नाही. आत काय हाय ते कुणी बघितलंय, असं म्हणून तिनं तेलाचा पाच लिटरचा पांढरा कॅन धुऊन घेतला, घाटावर स्वतः गुडघाभर पाण्यात उतरून भरला आणि त्याच्या गळ्याला लाल दोरा बांधला. सहा दिवस तो कॅन तिच्या पायांमध्ये होता. झोपेतसुद्धा तिची टाच त्याला लागलेली असायची.

आता त्या दिवसाचं सांगते. आमच्या धंद्यात सगळ्यात जड दिवस घाटातला नसतो. तो दोन यात्रांच्या मधला असतो. सकाळी एक यात्रा उतरते, संध्याकाळी दुसरी चढते, आणि मधल्या सात-आठ तासांत मला नवी नवरी करायचं असतं.

सात वाजता मैदानात शिरलो. उतरायला दोन तास लागले. अकरा दिवस खिडकीवरून भांडलेल्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. सुरणवाल्यांची एक चप्पल सापडेना. मग माझ्या पोटातून काय काय निघालं ते ऐका: एक चप्पल (सुरणवाल्यांची नव्हे), तीन चार्जर, अर्धी कवळी, प्रयागच्या पेरूंची कुजलेली पिशवी, आणि ज्यांनी दोडका सोडला होता त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी डब्यात दोडक्याची चटणी. दहाच्या सुमारास क्लीनर सुग्रीव पाइप घेऊन आला. हा चाळिशीतला गडी माझ्यावर खेकसतही असतो आणि माझी काच स्वतःच्या टॉवेलनं पुसतही असतो.

उतरणारे गेले, चढणारे यायचे होते. राहणारी एकटी बायडाबाई. राहणाऱ्यांना नेहमी वाटतं की आपण बसून राहिलो तरी चालेल, आपल्याभोवतीनं धुवून घेतील. तसं होत नाही. सगळ्यांना एकदा खाली उतरावंच लागतं. त्रिंबकशेठनं येऊन तिला सांगितलं की आता तिचं आसन तीन नंबर राहिलं नाही. ते नव्या यात्रेतल्या विठ्ठलराव गुरुजींना दिलं आहे, तिचं सतरा.  तिनं पिशवी उचलली, कॅन उचलला आणि ती उतरली. गंगा उन्हात तापू नये म्हणून कॅन माझ्या पुढच्या चाकाच्या सावलीत ठेवला आणि चार हातांवर मदिनाबीच्या गाड्याशी जाऊन बसली.

मदिनाबी म्हणजे आमचा ड्रायव्हर चाँद याची बायको. मैदानाच्या कडेला, माझ्याच सावलीत तिचा फळांचा गाडा लागतो. त्या दिवसांत गाड्यावर नुसती सीताफळं. सोडलेल्या फळाच्या ढिगाशेजारी बायडाबाई दिवसभर बसली, आणि एकदाही तिची नजर तिकडं वळली नाही असं मी म्हणणार नाही. चार वेळा वळली.

आणि चाँद? मित्रांनो, काशीला जाताना ड्रायव्हर दोन होते. परतताना जबलपूरला दुसऱ्याला ताप भरला, त्याला तिथं दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथून केजपर्यंत चाँद एकटा. पन्नाशी ओलांडलेला माणूस, डोळे पिकल्या टोमॅटोसारखे. माणसं उतरली तसा तो माझ्या डिकीत, सामानाच्या जागेत, गोधडी टाकून आडवा झाला. सगळे ड्रायव्हर तिथंच झोपतात, तिथं सावली असते आणि पाठ सरळ होते.

दहा मिनिटांत त्याला उठवलं. कुणाची तरी पिशवी त्याच्या डोक्याखाली राहिली होती. पुन्हा पडला, तर त्रिंबकशेठना परमिटचे कागद हवे होते. तिसऱ्यांदा मिस्त्री आला. माझ्या रेडिएटरचा पाइप गळत होता, तो बदलायला इंजिन चालू-बंद कोण करणार? दीडच्या सुमारास चौथी हाक आली, पाइप बसलाय, पाणी भरून बघ.

चाँद डिकीतून निघाला तेव्हा त्याचे पाय चालत होते, बाकी माणूस मागं गोधडीवरच होता. माझं पाणीही तेलाच्या पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्येच असतं. तो रोज पुढच्या चाकाशीच ठेवलेला असतो. त्या दिवशी धुलाईसाठी सुग्रीवनं तो उचलून लिंबाकडे नेला होता. हाताला सवय होती, हात चाकाशी गेला, कॅन लागला, झाकण निघालं.

मला पाण्याची चव कळते. केजच्या बोअरचं पाणी खारट, पोटात पांढरे थर धरतं. टँकरचं पाणी गंजकं. हे पाणी आत आलं आणि पहिल्या घोटालाच मला कळलं. गोडबिड काही नव्हतं ते, उगाच सांगणार नाही. जड होतं, गार होतं, आणि त्यात बारीक रेतीची किरकिर होती. मला ओरडायचं होतं. पण आम्हाला भोंगा दिलेला असला तरी तो दाबायला दुसरं माणूस लागतं.

शेवटचा थेंब पडला आणि कॅन खाली ठेवताना चाँदच्या बोटांत लाल दोरा अडकला.

त्यानं दोऱ्याकडे पाहिलं. मग लिंबाखाली पाहिलं, तिथं माझा खरा कॅन भरलेला उभा होता. जबलपूरपासून पेंगणारा माणूस त्या क्षणाला जो जागा झाला तो असा की त्याच्या कपाळावर घाम आला.

त्रिंबकशेठ कागद घेऊन तिकडूनच येत होते. त्यांना सांगावं लागलं नाही. हा माणूस तीस वर्षं यात्रा काढतोय, रिकामा कॅन आणि भरलेला चेहरा बघून त्याला सगळं कळतं. ते हळू आवाजात बोलले, पण माझ्या नाकासमोर बोलले. मैदानाच्या कोपऱ्यात नळ आहे, भरून आण, दोरा आहेच. पाण्यावर काय नाव लिहिलेलं असतं का? आणि मग आणखी हळू: "गप बस, चाँद. मी तुला चांगलं म्हणून सांगतो. दिवस कसे हायत तुला ठाव हाय. कुणी काय अर्थ काढंल, कुठवर नेईल, आपल्या हातात ऱ्हात न्हाई."

यातलं खोटं काहीच नव्हतं, तीच तर अडचण होती. आमच्याकडे नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येतं. त्या दिवशी नेमकं आलं होतं. वाईट कामाला लागणारी सोय कधी कधी अशी वेळेवर हजर असते.

चाँद नळाकडे गेला. तोटी सोडली. कॅन अर्धा भरेपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत होते. मग त्यानं तोटी बंद केली, कॅन उपडा केला, सगळं पाणी मातीत जाऊ दिलं आणि रिकामा कॅन घेऊन सरळ मदिनाबीच्या गाड्याकडे आला.

"मावशी," तो म्हणाला, "तुमचं पाणी गेलं."

बायडाबाई मदिनाबीशी काहीतरी बोलत होती. तिनं वर पाहिलं. "कुठं गेलं?"

"गाडीत. म्या वतलं. माझा कॅन समजून. झोपंत हुतो."

मदिनाबीच्या हातातला तराजू खाली आला. ती नवऱ्याकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "मावशी, ह्यांना काय बोलायचं ते बोला. आमी ऐकून घेऊ."

"समदं गेलं?"

"समदं."

"घोटभर बी न्हाई?"

चाँदनं मान हलवली. बायडाबाईनं त्याच्या हातातून कॅन घेतला, कानाशी धरून हलवला, जसं काही तो खोटं बोलत असेल आणि कॅन खरं बोलेल. मग मांडीवर ठेवला.  गाड्यावर आलेलं एक गिऱ्हाईक तसंच निघून गेलं.

"ते माझं नव्हतं रं," ती शेवटी म्हणाली. "सटवाचं हुतं."

अकरा दिवस तिच्या तोंडी मालक, मालक असंच चालू होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मला त्या माणसाचं नाव कळलं.

चाँद खाली बसला. म्हणाला की आजच रेल्वेनं परत काशीला जातो, पाणी आणतो, रामेश्वरला तुमच्या आधी पोचतो. ते शक्य नव्हतं हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. मग तो अडखळत म्हणाला, "मावशी, दुसऱ्या कुणाच्या हातनं झालं असतं तर गोष्ट येगळी. माझ्या हातनं..."

"हाताचं काय घिऊन बसला?" बायडाबाईनं त्याला तिथंच तोडलं. "अकरा दिस माझा जीव कुणाच्या हातात हुता? तुज्याच न्हवं? तवा न्हाई इचारलं मी कुणाचा हात हाय."

ती उठली. माझ्यासमोर आली आणि माझ्या जाळीवर तळवा टेकवला. इंजिन नुकतंच बंद झालं होतं, जाळी कोमट होती. लोक मला हार घालतात, कुंकू लावतात, पण ताप बघावा तसा हात कुणी लावला नव्हता.

"आत हाय न्हवं अजून?"

"हाय. पर पयलं पाणी बी हुतं त्यात. मिसळलं."

"दुधात पाणी मिसळलं तर दूध मरतं का? पातळ हुतंय." तिनं स्वतःशीच मान हलवली. "गाडी रामेश्वरला जातीय न्हवं? मंग गंगा बी जातीय. तिथं गेल्यावर खालून काढून दे मला. निघंल तेवढं."

मला वाटलं, सुटलो. चाँदलाही तसंच वाटलं असावं, त्याचे खांदे खाली आले. पण धनगराच्या बाईची नजर कळपावरची असते, एक मेंढरू सापडलं म्हणून ती मोजायची थांबत नाही.

"आता मला सांग," ती म्हणाली, "झोपला कवा हुता?"

चाँद आठवायला लागला. त्याला आठवेना. मदिनाबीनं सांगितलं की दोन रात्री तर डोळाही लागलेला नाही, घरी फोनवर बोलता बोलता घोरत होते.

"आन संध्याकाळी परत हाच चालिवणार?"

सोलापूरपतुर हाच, चाँद म्हणाला, नवा ड्रायव्हर तिथं चढंल.

बायडाबाई थेट त्रिंबकशेठकडे गेली. आमच्यात, तिनं सांगितलं, रातची राखण केलेल्या गड्याच्या हातात दिवसा काठी देत न्हाईत, कळप असला तरी देत न्हाईत, आणि तुमी तर माणसं देताय. हा माणूस झोपल्याबिगर गाडी हालायची न्हाई. शेठनी समजावलं. विठ्ठलराव गुरुजींनी पंचांग बघून पाच चाळीसचा मुहूर्त काढलाय, पहिला मुक्काम ठरलाय, तिथं स्वयंपाक सांगितलाय. "मावशी, तुमच्या पाण्याचं वाईट वाटतं मला, पर गाडी थांबत नसती."

बायडाबाईनं रिकामा कॅन पुढं धरला, लाल दोरा सरळ केला आणि शेठकडे नुसतं बघत राहिली.  शेठनी इकडं तिकडं पाहिलं. चौसाळ्याहून आलेली जीप मैदानात शिरत होती, नव्या यात्रेची पहिली नऊ माणसं त्यात होती. शेठ म्हणाले, बरं, बघू.

चाँदला या वेळी डिकीत जाऊ दिलं नाही. धुतलेल्या माझ्या अंगात, सगळ्यात मागच्या लांब आसनावर बायडाबाईनं त्याला झोपवलं, वर स्वतःची घोंगडी टाकली आणि दारात पायरीवर बसली. तिला ओलांडून आत जाईल असा माणूस केज तालुक्यात त्या दिवशी तरी नव्हता.

साडेचारपासून चढणारे जमायला लागले आणि कुरकुर सुरू झाली. सामान ठेवू द्या. खिडकी धरू द्या. आम्ही वेळेवर आलो ही आमची चूक का? विठ्ठलराव गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक, इस्त्रीच्या धोतरात, हातात नारळ. त्यांनी घड्याळ पुढं करून विचारलं, "कावून थांबलोय आपण? मुहूर्त टळला तर जबाबदारी कुणाची?"

"ड्रायव्हर झोपलाय, गुरुजी," बायडाबाई म्हणाली.

"मग उठवा की."

"उठवते. पर घाटात त्याला झोप लागली तर तुमी उठवताल का? तीन नंबरला तुमीच हायसा, सगळ्यात फुडं."

मागं कुणीतरी हसलं. गुरुजी नारळाकडे बघायला लागले. मग बायडाबाईचा आवाज मऊ झाला. भांडण कुठं थांबवायचं हे तिला चांगलं कळतं. "गुरुजी, तुमी शिकलेले. परस्थान ठिवायचं तुमाला ठाव असंल. आमचा कळप निघायच्या दिशी कुणी आजारी पडलं तर आमी काठी आन घोंगडी येळंवर शिवंच्या भाईर नेऊन ठिवायचो. मुहूर्त साधला. माणसं निघायची दुसऱ्या दिशी."

आता गुरुजींची पंचाईत झाली. माहीत नाही म्हणावं तर मुख्याध्यापकी जाते. "शास्त्र आहे तसं," ते म्हणाले. "प्रस्थान ठेवतात. पण काय ठेवणार?"

"गाडीच ठिवा की. मैदानाच्या फाटकाच्या भाईर."

शेठ म्हणाले, गाडी बाहेर न्यायला चालू करावी लागेल, आणि ही बया चालू झाली की मढंसुद्धा उठून बसतं. याचा मला राग आला नाही, खरं आहे ते. पण मैदानाला रस्त्याकडे थोडा उतार आहे, हे सुग्रीवला माहीत होतं. ढकलली तर जाईल, तो म्हणाला.

मित्रांनो, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. छत्तीस माणसं माझ्या मागं आणि बाजूंनी लागली. ज्यांना खिडकी हवी होती ते, चौसाळ्याची नऊ माणसं, मिस्त्री, पदर खोचून मदिनाबी. त्रिंबकशेठनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि खांदा लावला. सुग्रीव स्टिअरिंगला. आतमध्ये घोंगडीखाली चाँद. बायडाबाई पुढं चालत होती, उलट्या पावलांनी, हात वर करून, जसं कळपाला अरुंद वाटेनं काढतात तसं. ती "हळू" असंही तोंडानं म्हणत नव्हती, फक्त तळवा खाली दाबत होती. चाळीस माणसांत एवढी शांतता मी देवळांबाहेर उभी राहूनसुद्धा कधी ऐकली नाही.

पाच चाळीसला माझी पुढची चाकं फाटकाबाहेर आली. गुरुजींनी नारळ फोडायला हात उचलला, मग आतल्या झोपलेल्याची आठवण झाली. ते तो घेऊन लांब, रस्त्याच्या पार पलीकडच्या दगडापर्यंत चालत गेले आणि तिथं फोडला. मी काशीला पन्नासदा गेले असेन. माणसं माझ्यात बसली, माझ्यात जेवली, माझ्यात ओकली. त्या दिवशी त्यांनी मला नेलं. आणि माझ्या पोटात काय आहे हे त्या छत्तीस जणांपैकी दोघांनाच ठाऊक होतं.

मग सगळे आपापल्या ओळखीच्यांकडे, कुणी मैदानातच सतरंज्या टाकून राहिले. बायडाबाई मदिनाबीच्या घरी गेली. दुसऱ्याचा उंबरा तिला चालत होता. चाँद दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठला. खिडकीबाहेर रस्ता बघून तो दचकला, त्याला वाटलं झोपेत आपणच चालवत आलो.

रामेश्वरला आम्ही सहाव्या दिवशी पोचलो. वाटेत दोनदा मला पाणी लागलं आणि दोन्ही वेळा चाँदनं ते बायडाबाईला विचारून, मोजून, कमीत कमी घातलं. गाड्यांच्या तळावर तो पाना घेऊन माझ्याखाली सरपटला, रेडिएटरच्या तळाचा नट सोडला. तिनं तांब्या धरला. पाणी गंजाचं, तांबूस, कोमट आलं. ते देवळात घ्यायचे नाहीत हे तिलाही दिसत होतं. ती तांब्या घेऊन समुद्राकडे गेली, तो तिच्या मागं. मला तळापलीकडे जाता येत नाही, आमच्या जातीला कुठल्याच देवाचा गाभारा माहीत नाही. तासाभरानं दोघं रिकामा तांब्या घेऊन परत आली. पायऱ्या चढताना तिनं मागं वळून त्याला सांगितलं, "मालक पोचले."

आता माझं सांगायचं राहिलं ते एवढंच. तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी गाडीत बसाल. सुटायची वेळ झाली, तरी गाडी का हलत नाही म्हणून घड्याळ बघाल. तेव्हा एकदा पुढं जाऊन चालवणाऱ्याचे डोळे बघा. माझा पत्रा जुना झालाय, त्याला रंग लावता येतो, पाइप गळला तर बदलता येतो. न झालेल्या झोपेला सुटा भाग मिळत नाही. दोन यात्रांच्या मधे एक रात्र ठेवा, गाडीसाठी नको असेल तर माणसासाठी ठेवा.

तिरुपती काल उतरली, गिरनार उद्या चढायची आहे. आज मी लिंबाखाली उभी आहे. चाँद डिकीत झोपलाय. मैदानातून जाणार असाल तर पाय जरा हळू टाका.